पाव थ्रॉटलचा सांधा

बुलेटला नवा सायलेन्सर बसला की भोवती जमलेल्यांची पहिली मागणी ठरलेली असते: "रेस दे जरा!" मूठ पूर्ण पिळली जाते, पाइप गरजतो, दुकानावरचा पत्रा थरथरतो आणि सगळ्यांचं समाधान होतं. गाडी जुळली आहे की नाही, हे मात्र त्या गर्जनेतून कळत नाही. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना कार्बोरेटरचं काम सगळ्यात सोपं असतं. एका भोकातून ठरलेलं पेट्रोल सोडायचं, एवढंच. कसब लागतं ते मूठ जेमतेम पाव फिरलेली असते तिथे. नगरला माळीवाड्याच्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रांगते आहे, पुढचा टेम्पो हलतो, मूठ किंचित सरकते. त्या किंचित सरकण्याला इंजिन काय उत्तर देतं, ते ऐकावं. उत्तर लगेच आणि भरीव आलं तर हात जाणकाराचा. मध्येच अडखळून पाइपातून 'फट्' झालं आणि मग गाडी एकदम उसळली, तर पाइप कितीही महागाचा असो, काम अर्धवट राहिलं आहे.

पाइप बदलल्यानंतर कार्बोरेटर पुन्हा जुळवण्याच्या कामात मला सर्वाधिक रस या पाव थ्रॉटलच्या सांध्यात आहे. कार्बोरेटरच्या आत पेट्रोलाचे वेगवेगळे मार्ग असतात, आणि मूठ फिरत जाते तसा एक मार्ग मागे सरतो, दुसरा पुढे येतो. चांगल्या जुळणीत ही अदलाबदल कानाला कळतच नाही. न कळणारी गोष्ट दाद द्यायला अवघड असते, म्हणून तिचं रसग्रहण सहसा कोणी करत नाही.

नगरमध्ये असं ऐकणारे कान तयार झाले, त्याला कारणं आहेत. अहिल्यानगर हे नाव आता कागदोपत्री आलं, पण गॅरेजमध्ये आणि एसटी स्टँडवर गाव अजून नगरच आहे. १९७२ साली आलेली लुना इथल्या कायनेटिक इंजिनिअरिंगची. पन्नास सीसीचं, कुणालाही उघडता येईल असं ते इंजिन घरोघर पोचलं आणि त्याबरोबर जेट फुंकायची, फ्लोट हलवून बघायची सवयही पोचली. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल १९४८ पासून इथे आहे. रणगाड्यांच्या या गावाला लष्करी हिरव्या रंगातली बुलेट परकी नव्हती. सरकारने १९५४ मध्ये लष्करासाठी ८०० बुलेट मागवल्या, आणि पुढच्याच वर्षी मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडियाची सुरुवात झाली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमात नव्या वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थांची नावं आहेत. त्यांत नगरची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. म्हणजे गावाच्या एका टोकाला इंजिनाचा धूर यंत्राने मोजणारे शास्त्रज्ञ आणि दुसऱ्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर घेऊन उकिडवे बसलेले वस्ताद. दोघांचा प्रश्न एकच: या हवेत पेट्रोल किती?

समोर एकच गाडी ठेवतो. ओतीव लोखंडी इंजिनाची जुनी बुलेट ३५०. सिलिंडर ७० मिलिमीटर रुंद, दट्ट्याची चाल ९० मिलिमीटर, हिशेबाने ३४६ सीसी. कार्बोरेटर मिककार्बचा व्हीएम २४, म्हणजे हवेचा घसा २४ मिलिमीटरचा. आयडलिंगला मिनिटाला ९०० फेरे धरले तर दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे मिनिटाला ४५०, सेकंदाला साडेसात. प्रत्येक ठोका वेगळा मोजता येईल इतकी ही चाल संथ आहे. म्हणून बुलेटवर मिस्त्रीचा हात उघडा पडतो. चार सिलिंडरच्या गाडीत एखादा ठोका कमजोर असला तरी बाकीचे त्याला झाकून नेतात. इथे झाकायला दुसरा कोणी नाही.

या गाडीला मालकाने पंजाब सायलेन्सर आणला आहे. इंदोरी, मेगाफोन, शॉर्ट बॉटल अशी नावं बाजारात बरीच आहेत. आकार वेगळे, तत्त्व सारखंच. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये कप्पे आणि आडव्या जाळ्या असतात, धूर त्यांतून वळसे घेत बाहेर पडतो. बाजारातल्या पाइपात बहुधा एक सरळ भोकाभोकाची नळी, तिच्याभोवती ग्लासवुल, आणि हलक्या मालात तेही नाही. धुराची वाट मोकळी होते. इथपर्यंत सगळ्यांना पटतं. "बॅकप्रेशर गेलं, म्हणून गाडी बिघडली" असं पुढे जे म्हटलं जातं, ते मला पटत नाही. धूर अडवून कोणत्याही इंजिनाचं भलं होत नाही. खरा प्रकार जास्त सुरस आहे.

एक्झॉस्टचा व्हॉल्व उघडतो तेव्हा दाबाचा एक धक्का पाइपात शिरतो. पाइपाच्या उघड्या तोंडाशी पोचला की तो उलटून माघारी येतो, पण येताना दाब घेऊन येत नाही, ओढ घेऊन येतो. तापलेल्या धुरात ही लाट सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास धावते. ती हेडापाशी पोचते त्या क्षणी जर दोन्ही व्हॉल्व थोडे उघडे असतील, तर उरलासुरला धूर ती खेचून नेते आणि कार्बोरेटरमधून ताजी हवा आत ओढते. अशा वेळी सिलिंडर नेहमीपेक्षा जास्त भरतो. दुसऱ्या एखाद्या वेगाला मात्र लाट चुकीच्या क्षणी येते, आणि आत आलेली हवा उलट कार्बोरेटरच्या तोंडातून बाहेर ढकलली जाते. तीच हवा पुन्हा आत येताना दुसऱ्यांदा पेट्रोल उचलते. म्हणून मोकळ्या पाइपाची गाडी एका वेगाला उपाशी असते आणि दुसऱ्याच वेगाला तिचा घसा पेट्रोलाने भरलेला असतो. बंद सायलेन्सरमध्ये या लाटा बोथट झालेल्या असतात. मोकळ्यात त्या धारदार होतात. त्यात कंपनीने धुराचे नियम आणि मायलेज सांभाळण्यासाठी मिश्रण आधीच पातळ, म्हणजे कमी पेट्रोलाचं ठेवलेलं. जरा हवा वाढली की ते हद्दीपलीकडे पातळ होतं.

त्याची चिन्हं गाडी लपवत नाही. मूठ सोडल्यावर पाइपात फटाके वाजतात. एकसारख्या वेगाने जाताना गाडी पुढे-मागे हिंदकळते, जणू कोणी मूठ हलवतंय. आणि हेडाजवळचा बेंड पाइप आधी सोनेरी, मग निळा पडतो. नव्या क्रोमवर चढलेला तो निळा रंग पोरांना आवडतो. मला तो बघवत नाही. पातळ मिश्रण सावकाश जळतं, जळणं पाइपापर्यंत रेंगाळतं, आणि इंजिनाच्या आत संपायला हवी ती उष्णता लोखंडावर उमटते.

नगरला लागून असलेल्या भिंगारच्या अंगाला एक वस्ताद आहेत, त्यांचं काम बघायला मी जात असतो. फटाक्यांची तक्रार घेऊन आलेल्या गाडीचा कार्बोरेटर ते आधी उघडत नाहीत. आधी चिंधीचा बोळा सायलेन्सरच्या तोंडाशी दाबून धरतात आणि हेडाजवळच्या सांध्याकडे कान लावतात. तिथून सुस्कारा आला तर बाहेरची हवा पाइपात शिरते आहे, आणि फटाक्यांचा दोष कार्बोरेटरकडे नाही. मग कार्बोरेटर आणि हेडाच्या मधल्या पॅकिंगवर तेलाचे थेंब सोडतात. चालत्या इंजिनाचा आवाज त्याने बदलला तर तिथे हवा चोरली जाते आहे. टॅपेट, पॉइंट, एअर फिल्टर यांची पाळी त्यानंतर. हे सगळं नीट असेल तरच झाकण उघडायचं. ही शिस्त मला फार मोलाची वाटते, कारण जेट बदलून दुसऱ्याचा दोष काही काळ झाकता येतो, आणि नंतर दोन दोष एकमेकांत असे गुंततात की कोणालाच सुटत नाहीत.

एकदा एक कॉलेजातला मुलगा त्यांना म्हणाला, "चाचा, आवाज अजून मोकळा करा ना."

"आवाज पाइपाचा हाये, बाळा," ते मान वर न करता म्हणाले. "माझ्याकडं फक्त पेट्रोल अन् हवा."

सुरुवात तळापासून होते. मूठ बंद असताना ते अगदी थोडी उघडेपर्यंत राज्य स्लो जेटचं आणि एअर स्क्रूचं. व्हीएम कार्बोरेटरवर हा पितळी स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असतो, म्हणजे तो हवा मोजतो: आत आवळला की हवा कमी, मिश्रण घट्ट, बाहेर सोडला की पातळ. २००९ नंतरच्या क्लासिकमधल्या बीएस २९ कार्बोरेटरवर स्क्रू इंजिनाच्या बाजूला आहे आणि त्याचा न्याय नेमका उलटा. तिथे बाहेर सोडला की मिश्रण घट्ट होतं. एका गाडीचं शहाणपण दुसरीवर लावून अनेकांनी गाड्या बिघडवल्या आहेत. स्क्रू कुठल्या बाजूला आहे एवढं बघितलं तरी चूक टळते.

इंजिन पुरतं तापलेलं हवं. वस्ताद स्क्रू हलक्या हाताने तळाला टेकवतात आणि दीड फेरा बाहेर घेतात. मग पाव फेरा, आणि थांबणं. या थांबण्याकडे लक्ष द्यावं. नवं मिश्रण सिलिंडरपर्यंत जाऊन ठोक्यात उतरायला काही क्षण लागतात, आणि नवशिका त्या क्षणांतच स्क्रू आणखी फिरवून बसतो. ते हात काढून घेतात, टाकीवर तळवा ठेवतात आणि बघतात मात्र भलतीकडेच. ठोके हळूहळू चढतात, एका उंचीला पोचतात, पुढच्या पाव फेऱ्याला पुन्हा उतरायला लागतात. शिखर सापडलं. तिथेच सोडून चालत नाही. शिखराहून किंचित आत, घट्टाच्या बाजूला स्क्रू ठेवायचा आणि दुसऱ्या स्क्रूने आयडलिंग खाली आणायचं. शिखर जर एका फेऱ्याच्याही आतच आलं, तर स्लो जेट लहान पडतो आहे. अडीच-तीन फेरे सोडूनही शिखर येत नसेल, तर तो मोठा आहे. एका स्क्रूच्या फेऱ्यांवरून न दिसणाऱ्या भोकाचा आकार वाचता येतो, यातलं सौंदर्य मला कधी जुनं वाटलेलं नाही.

आता पिन. मूठ पावापासून पाऊणपर्यंत असताना पेट्रोल किती जायचं हे ही पिन ठरवते, आणि शहरातली सगळी गाडी या टापूत चालते. हातात घेतली की बोटभर लांबीची, वरून एकसारखी आणि खाली निमुळती होत गेलेली पितळी वस्तू, दाभणासारखी. वरच्या टोकाला पाच खाचा कोरलेल्या, त्यांतल्या एकीत नखाएवढी क्लिप. थ्रॉटलचा दट्ट्या वर उचलला गेला की त्याच्याबरोबर पिन वर येते, तिचा बारीक भाग जेटच्या तोंडात येतो आणि भोवतालची फट वाढते. क्लिप एक खाच खाली लावली तर पिन तेवढी वर बसते आणि मिश्रण घट्ट होतं. 'क्लिप खाली म्हणजे पेट्रोल जास्त' हे ऐकायला उलटं वाटतं, पण पिन डोळ्यांसमोर धरली की एका नजरेत उलगडतं. नंतरच्या काळातल्या गाड्यांच्या कार्बोरेटरमध्ये पिनेला बहुतेकदा खाचाच नसतात. तिथे मिस्त्री पिनेखाली पातळ वॉशर सरकवतात.

वस्ताद क्लिप काढताना एक हात आडोशासारखा धरतात, कारण ती उडाली की मातीत सापडत नाही. मग पिन उजेडाकडे धरून तिच्या पोटावर नखाची कड फिरवतात. वर्षानुवर्षं जेटच्या कडेला घासून पिनेला एका बाजूने चपटी झीज येते. झिजलेल्या पिनेची गाडी पाव थ्रॉटलला पेट्रोल पिते आणि कुठल्याही खाचेवर जुळत नाही. ते डोळ्यांना दिसत नाही. नखाला कळतं.

आणि इथेच तो सांधा. स्लो जेटचं भोक घशात अशा जागी असतं की दट्ट्या वर उचलला गेला की तिथली ओढ ओसरते. पिनेकडची ओढ त्याच सुमाराला जोर धरत असते. एकाची ओहोटी दुसऱ्याची भरती होण्याआधी संपली, तर मध्ये भूक राहते. दोन्ही एकदम आली, तर गाडी गुदमरते. कंपनीने हा मेळ जुन्या सायलेन्सरच्या बोथट लाटांवर घातलेला होता. नव्या पाइपाने ओढीचा हिशेबच बदलला. त्यामुळे आता स्लो जेट एक पायरी मोठा करायचा की पिन एक खाच वर घ्यायची, हा खरा निवाडा. दोन्हींनी अडखळणं कमी होतं, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. स्लो जेटने भागवलं तर गाडी ठोक्यातून मऊ उठते, पण पुढे ५० च्या वेगाला तशीच हिंदकळते. पिनेने भागवलं तर मधला टापू भरतो, उठताना मात्र बारीक खाच राहते. वस्ताद पिनेपासून सुरुवात करतात आणि उरलेली खाच एअर स्क्रूच्या शेवटच्या पाव फेऱ्याने भरतात. मला हीच रीत श्रेष्ठ वाटते. जेट न बदलता, आहे त्या सामानातून जेवढं निघेल तेवढं आधी काढून घेण्यात कसब आहे, आणि चुकलं तर मागे येण्याची वाटही खुली राहते.

मेन जेटबद्दल लिहायला त्या मानाने कमी आहे. मूठ पाऊणच्या पुढे गेली की त्याचं काम. छापलेला आकडा एक-दोन पायऱ्या वाढवायचा, बस. पण एका गोष्टीवर बोललंच पाहिजे. बाजारात जेट न मिळाल्यास जुनाच जेट बारीक तारेने किंवा सुईने कोरून मोठा करण्याची पद्धत गावोगाव आहे. हिशेब बघा: ०.९० मिलिमीटरचं भोक ०.९५ झालं तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ११ टक्के वाढतं. हा फरक केसाच्या जाडीहूनही कमी आहे. तार फिरवणाऱ्या हाताला एवढं बारीक कधीच सांभाळता येत नाही. भोक लांबट होतं, कडेला चरे पडतात, आणि त्यातून पेट्रोल कसं उडेल ते कोणीच सांगू शकत नाही. वर छापलेला आकडा खोटा पडलेला. पुढच्या मिस्त्रीने त्या आकड्यावर विश्वास ठेवला की तोही फसला. जेट कोरणं ही कारागिरी आहे असं कोणी मला पटवू शकणार नाही.

परीक्षा रस्त्यावर. भिंगार सोडून पाथर्डी रोडला लागलं की शहा डोंगरावर सलाबतखानाची अष्टकोनी कबर दिसते, लोकांच्या तोंडी तो चांदबिबी महाल. त्या बाजूचा चढ कार्बोरेटरसाठी उत्तम. मुठीवर आणि तिच्या शेजारी चिकटपट्टीच्या खुणा केलेल्या असतात, पाव, अर्धा, पाऊण. नाहीतर चालवणाऱ्याला वाटतं अर्धा पिळलाय आणि प्रत्यक्षात असतो पावच. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाव खुणेवर मूठ धरून ठेवायची, तशीच बऱ्यापैकी अंतर न्यायची, मग एकाच वेळी क्लच दाबून चावी बंद करायची आणि गाडी घरंगळत थांबू द्यायची. आयडलिंगवर आणून बंद केली तर प्लग आयडलिंगचीच कथा सांगतो. पुढे करंजी घाटापर्यंत गेलात तर पूर्ण थ्रॉटलचीही परीक्षा होते, पण मूळ निकाल या पाव खुणेवर लागलेला असतो.

प्लग काढून बघण्यातही वाचनाचे थर आहेत. पांढरा, खडूसारखा कोरडा म्हणजे पातळ. काजळी धरलेला म्हणजे घट्ट. ओला, तेलकट असेल तर गोष्ट रिंगांची आहे, कार्बोरेटरची नाही. आणि चॉकलेटी म्हणजे जुळलं, असं प्रत्येक गॅरेजमध्ये सांगितलं जातं. हे शेवटचं मात्र आता तसंच्या तसं घेऊ नये. चॉकलेटी रंगाचं प्रमाण शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळात पक्कं झालं. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, पुढे इथेनॉल मिसळू लागलं, आणि आजच्या पेट्रोलवर नीट चाललेला प्लगसुद्धा फिकट दिसतो. जुना चॉकलेटी रंग येईपर्यंत पेट्रोल वाढवत राहिलं तर गाडी गरजेपेक्षा घट्ट होते. जाणता मिस्त्री चिनीमातीच्या नाकाच्या शेंड्याकडे बघत नाही. नाक जिथे पोलादात खाली बुडतं तिथली बारीक कडी भिंगाने पाहतो. पूर्ण थ्रॉटलचं मिश्रण तिथे लिहिलेलं असतं.

इथेनॉलचा विषय नगर जिल्ह्याने तरी अंतर देऊन बोलू नये. आशियातला पहिला मानला जाणारा सहकारी साखर कारखाना १९५० साली लोणीजवळ प्रवरानगरला सुरू झाला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नातून. पुढे जिल्हाभर कारखाने झाले, त्यांना डिस्टिलऱ्या जोडल्या गेल्या, आणि आज उसापासूनचं ते इथेनॉल पेट्रोल पंपावर परत येतं. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते; इथेनॉलला साधारण ९ पट. वीस टक्के मिसळलेल्या इंधनाला म्हणून १३.५ च्या आसपास. हवा तेवढीच असेल तर इंधन आठ-नऊ टक्के जास्त हवं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे ओळखून भरपाई करतो. कार्बोरेटर ते ओळखू शकत नाही, तो पूर्वीइतकंच सोडत राहतो. म्हणजे जुन्या बुलेटला मोकळा पाइप लावण्याआधीच ती पातळ झालेली असते, आणि पाइपाने त्यात भर पडते. दहा वर्षांपूर्वी ज्या पाइपाला पिनेची एक खाच पुरत होती, त्याच पाइपाला आता बरेचदा खाच आणि मोठा स्लो जेट दोन्ही लागतात. आपल्याच शेतातला ऊस आपल्याच गाडीच्या मिश्रणात उतरतो, तेव्हा त्याचा हिशेब नगरच्या मिस्त्रीने आधी शिकावा, असं मला मनापासून वाटतं.

दोन स्ट्रोक गाड्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त जोखमीची. १९८५ ला आलेल्या आरएक्स १०० मध्ये पाइप हा इंजिनाचाच अर्धा भाग आहे. फुगीर पोटात उलटलेली लाट सिलिंडर भरते. शिवाय मिश्रण पातळ झालं की उष्णता चढून दट्ट्या जाम होण्याची भीती. बुलेट पातळ असेल तर तक्रार करते. आरएक्स तक्रार न करता जाम होते. तिथे आधी घट्ट, मग पायरीपायरीने खाली, हाच क्रम.

आता नियमांचं. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला कारखान्यातून निघताना ८० डेसिबलची मर्यादा आहे. आवाजाचे किंवा धुराचे निकष मोडून गाडी रस्त्यावर आणली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, परवानाही तीन महिन्यांसाठी जातो. जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरवल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत, आणि दवाखान्यासमोर, शाळेसमोर पोकळ पाइप फोडत जाणाऱ्याबद्दल मला जराही सहानुभूती नाही. पण या कलेच्या बाजूनेही पोकळ पाइप वाईटच आहे. आत जाळी नाही, ग्लासवुल नाही, लांबीही छाटलेली, अशा पाइपात कमी वेगाला उलटणारी लाट व्हॉल्वपाशी फार लवकर येऊन धडकते आणि पाव थ्रॉटलचा सांधा कुठल्याही जेटने, कुठल्याही खाचेवर भरून येत नाही. मी तसल्या पाइपावर वस्तादांना कार्बोरेटर परत बांधून गाडी मालकाला तशीच देताना पाहिलं आहे. "आतली जाळी बसवून आणा, मग बघू." जाळी आत ठेवलेला, लांबी शाबूत असलेला पाइप थोडा खोल बोलतो, शेजारी उठत नाहीत, आणि त्यावर खरी जुळणी होते.

धुराची चाचणी याच कामाची साक्ष देते. कार्बोरेटरच्या चार स्ट्रोक दुचाकीला पीयूसीत आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा मार्च २००० नंतरच्या गाडीसाठी ३.५ टक्के, त्याआधीच्या गाडीसाठी ४.५. एअर स्क्रू शिखराच्या किंचित आत ठेवलेली तंदुरुस्त गाडी त्यात सहसा बसते. घट्ट करून करून चॉकलेटी प्लग मिळवणारी बसत नाही. कानाने जुळवलेलं आणि यंत्राने मोजलेलं इथे एकमेकांशी जमतं, आणि तसं जमलं की कागद हातात घेताना मालकापेक्षा मिस्त्रीचा चेहरा बघण्यासारखा असतो.

शेवटची तपासणी मूठ सोडताना. उतारावर गिअर तसाच ठेवून मूठ पूर्ण बंद केली की घशात जोराची ओढ तयार होते, पण पेट्रोल फक्त स्लो जेटमधून येतं. मिश्रण इतकं पातळ होतं की सिलिंडरमध्ये पेटतच नाही, न जळलेलं पाइपात जातं आणि पुढच्या गरम धुराने तिथे पेटतं. मोकळ्या पाइपाला यातलं थोडं गुरगुरणं राहणारच, आणि ते राहू द्यावं. तेही मिटवायचा हट्ट धरून स्लो जेट वाढवत नेला तर आयडलिंग काळवंडतं. मोठा फटाका मात्र चालणार नाही. गुरगुर आणि फटाका यांच्यामधली ही रेघ कागदावर मांडता येत नाही. दहा-बारा गाड्या लक्ष देऊन ऐकल्या की कानाला सापडते.

जुळणी झाली म्हणून ती कायमची होत नाही. नगर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर. इथली हवा किनाऱ्यापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास विरळ, म्हणून माळशेज उतरून कल्याणला गेलेली गाडी तिथे तीनेक टक्के पातळ चालते. ऋतूंचा फरक त्याहून मोठा. मे महिन्यातल्या चाळीस अंशांत आणि डिसेंबरच्या पहाटे दहा-बाराच्या गारठ्यात हवेच्या घनतेत दहाएक टक्क्यांचं अंतर पडतं, आणि मिश्रणात पाचेक टक्क्यांचं. उन्हाळ्यात जुळवलेली गाडी थंडीच्या सकाळी पाव थ्रॉटलला फुटफुटायला लागली तर जेटला हात लावू नये. इंजिन तापू द्यावं, एअर स्क्रू पाव फेरा आत घ्यावा, आणि होळीनंतर आठवणीने पुन्हा बाहेर.